माघ्याचा थर्मास

मी थर्मास बोलतोय. साखरशेतच्या एका पाड्यात, ठकीबाईच्या घरी, चुलीपासून जरा लांब लाकडी फळीवर मी उभा असतो. पाड्यात सगळे मला माघ्याचा थर्मास म्हणतात. पण खरं सांगायचं तर मी माघ्याला कधी पाहिलेलं नाही, आणि माघ्याने मला.

हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. सांगणार तरी कोणाला? माझं झाकण उघडतं ते चहा ओतण्यापुरतं. आज तुम्ही भेटलात, म्हणून सांगतो.

माझा जन्म कारखान्यातला. बाहेरून लाल प्लास्टिक, त्यावर पांढरी फुलं. आत काचेची दुहेरी बाटली, आणि काचेच्या दोन भिंतींच्या मध्ये काहीच नाही, हवासुद्धा नाही. त्या रिकाम्या जागेमुळे आतला चहा गरम राहतो. लोकांना वाटतं माझ्याकडे ऊब असते. ऊब त्यांचीच असते, मी फक्त ती बाहेर जाऊ देत नाही.

नाशिकच्या एका बाईंनी मला घेतलं. त्यांचे यजमान निवृत्त कारकून होते आणि दवाखान्यात होते. सकाळी माझ्यातून चहा जायचा, दुपारी भाताची पेज. बाई रिक्षात मला मांडीवर घट्ट धरून बसायच्या. पुढे पेज कमी कमी होत गेली. शेवटच्या दिवशी मी भरलेला गेलो आणि भरलेलाच परत आलो. ती पेज त्यांनी मोरीत ओतली, मला धुतलं आणि माळ्यावर ठेवून दिलं. त्यानंतर त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी त्यांना दोष देत नाही. दवाखान्यातून परत आलेला थर्मास घरात नकोसाच होतो.

माळ्यावर बरीच वर्षं गेली. मग त्या बाईंच्या मुलीने घर आवरायला काढलं आणि मी जुन्या वह्या, फुटका मिक्सर आणि लोखंडी इस्त्रीबरोबर भंगारवाल्याच्या दुकानात गेलो. तिथून मला जिवाने उचललं.

जिवा मोखाड्याचा. आधी तो बिगारी काम करायचा. बांधकामाच्या परांचीवरून पडल्यावर पाठ गेली, तेव्हापासून नाशिकहून जुन्या वस्तू आणून मोखाड्याच्या आणि जव्हारच्या आठवडी बाजारात विकतो. मोटारसायकलच्या दोन्ही बाजूंना दोन पोती आणि मागे बांधलेली निळी ताडपत्री. घाटातल्या प्रत्येक वळणावर माझी काच मिक्सरच्या भांड्यावर आपटेल असं मला वाटायचं. जिवाने मात्र मला एका जुन्या रेनकोटात गुंडाळलं होतं. त्याला वस्तूंची काळजी होती, हे मला कबूल केलं पाहिजे.

जुनी वस्तू घेताना माणसं एक प्रश्न हमखास विचारतात. चालते का, हा प्रश्न नंतरचा. आधी विचारतात, कोनाची हाय? त्या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न असतो, तो कोणी उघड विचारत नाही. ज्याची होती तो मेला तर नाही ना?

जिवाला हे लवकर कळलं. सुरुवातीला तो खरं सांगायचा, भंगारातून आणली म्हणून, आणि वस्तू संध्याकाळी पुन्हा पोत्यात जायच्या. मग तो गोष्टी सांगायला लागला. इस्त्री एका मास्तरीणबाईंची झाली. त्यांची बदली झाली आणि जाताना त्या इस्त्री देऊन गेल्या. कुकर एका पोलिसाच्या घरचा झाला. त्याच्या बायकोला नवा मोठा मिळाला. जिवाच्या गोष्टीत कोणी मरत नसे. सगळ्यांचं चांगलं व्हायचं आणि त्या चांगल्यापायी वस्तू त्यांना जड व्हायची. लोक हसायचे, निम्मं खोटं आहे हे त्यांना कळायचं, तरी वस्तू घ्यायचे आणि ती गोष्टसुद्धा घरी न्यायचे. काल भंगार असलेली इस्त्री आज मास्तरीणबाईंची इस्त्री म्हणून कोणाच्या तरी घरी दाखवायला ठेवलेली असायची.

मला त्याने पहिल्यांदा मांडलं ते जव्हारच्या बाजारात, दिवाळीच्या आधी. सुकी मासळी विकणाऱ्या बायकांच्या पलीकडे त्याची ताडपत्री होती. दुपारपर्यंत मला कोणी हात लावला नाही. मग ठकीबाई आली.

ती मासळीच घ्यायला आली होती. पिकलेले केस, पातळ गुडघ्यापर्यंत, हातात रिकामी पिशवी. तिने मला उचललं, झाकण फिरवून पाहिलं आणि तोच प्रश्न विचारला.

जिवाने सहज सुरुवात केली. नाशिकला एका बिल्डिंगवर वॉचमन आहे, आपल्याच भागातला माणूस. रात्रपाळी असायची, झोप येऊ नये म्हणून याच्यात चहा भरून ठेवायचा. आता दिवसपाळी मिळाली, म्हणून म्हणाला, गावाकडे कोणाला तरी दे.

ठकीबाईने मला खाली ठेवलं नाही. आपल्या भागातला म्हणजे कुठला, असं तिने विचारलं. जिवा म्हणाला, जव्हारकडचाच.

"लंगडतो का?" ती म्हणाली.

जिवाने तिच्या तोंडाकडे पाहिलं. तो नुसता विकणारा होता, समोरच्याला जे हवं ते द्यायची त्याला सवय होती. हो, जरासा लंगडतो, तो म्हणाला. ठकीबाईचा हात नकळत तिच्याच डाव्या गुडघ्यावर गेला. जिवाने तेही पाहिलं.

"डावा पाय," तो म्हणाला.

अशी ती गोष्ट झाली. त्याने ती तिच्याकडूनच घेतली आणि तिलाच परत दिली. मी दोघांच्या मध्ये होतो. मला तोंड असतं तर मी तेव्हाच ओरडलो असतो.

ठकीबाई मासळी न घेता घरी आली. मासळीचे पैसे जिवाकडे गेले आणि तिच्या पिशवीत मी आलो.

माघ्या तिचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो रांगत होता, ठकीनेच त्याला वाढवलं. लहानपणी आंब्यावरून पडून त्याचा डावा पाय अधू झाला. त्या दिवशी त्याच्यावर लक्ष ठेवायचं काम ठकीचं होतं, हे ती अजून विसरलेली नाही. पुढे तिचं लग्न झालं, नवरा गेला आणि ती माहेरी परत आली. माघ्याने आपल्या घराला लागून तिला खोली काढून दिली. मग एका वर्षी भातकापणी झाल्यावर तो ठेकेदाराच्या टेम्पोतून कामाला गेला. आधी भिवंडीला होता म्हणतात, नंतर तिथून दुसरीकडे कुठे. फोन आधी लागायचा, मग लागेनासा झाला. टेम्पोतून गेलेले बाकीचे परत आले. तो आला नाही. पोलिसांत सांगून झालं, ठेकेदाराला विचारून झालं. भात पेरला गेला, कापला गेला, असं किती वेळा झालं, पण माघ्याची खबर नाही.

त्याच्या मागे त्याची बायको राहिली, चैती. मूलबाळ नव्हतं. ती दर हिवाळ्यात द्राक्षबागांच्या कामाला जायची आणि पावसाळ्यात परत येऊन नाचणी लावायची. द्राक्षांच्या कामावर तिची खोडाळ्याकडच्या अर्जुनशी ओळख झाली. त्याची बायको वारली होती. त्या वर्षी दिवाळीनंतर चैतीने त्याचं घर करायचं, त्याच्याशी संसार मांडायचा, असं ठरलं होतं. पाड्यातल्या जाणत्या माणसांनीही हरकत घेतली नव्हती. इतकी वर्षं झाली, तो आता कुठला येतो, असंच सगळे म्हणत होते.

आणि नेमका त्या वेळी मी पिशवीतून बाहेर आलो.

ठकीबाईने मला अंगणात खाटेवर ठेवलं आणि माणसं जमली. तिने सगळं सांगितलं. वॉचमन, नाशिक, डावा पाय. पाड्यातल्या म्हाताऱ्या काळ्याने मला हातात घेऊन उलटंपालटं केलं, जणू माझ्या बुडाशी माघ्याचं नाव लिहिलेलं असेल. कोणी रडलं. कोणी म्हणालं, आम्ही सांगत नव्हतो का. चैती दारात उभी होती. ती पुढे आली नाही. मी तिच्याकडे पाहत होतो. तिला आनंद होत नव्हता, आणि आपल्याला आनंद होत नाही याची तिला भीती वाटत होती.

अर्जुनला निरोप गेला की थांब. नवरा जिवंत असताना दुसरं घर कसं करणार?

मला त्या घरात जे मिळालं ते कुठे मिळालं नव्हतं. ठकीबाई रोज सकाळी गवती चहाची पात टाकून कोरा चहा करायची आणि माझ्यात भरायची. मला शेतावर न्यायची, सावलीत ठेवायची. कोणी पाहुणा आला की पहिला कप माझ्यातला. मला धुवायचं ते तिनेच, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. मी कधी इतका लाडात वाढलो नव्हतो. पण ते लाड माझे नव्हते. तिचा हात माझ्यावरून फिरायचा तो माघ्याच्या पाठीवरून फिरल्यासारखा, आणि आत मी दुसराच होतो. गर्दीत कोणी आपल्याला दुसऱ्याच्या नावाने हाक मारून मिठी मारावी, तसं मला रोज वाटायचं.

गोष्ट वाढत गेली. जिवाने सांगितलं नव्हतं तेही ठकीबाई सांगायला लागली. की त्याने माझ्यावरची फुलं पाहून मला निवडलं असेल, त्याला लाल रंग आवडायचा. ऐकणारे मान डोलवायचे.

माघाची थंडी संपता संपता एका बाजाराच्या दिवशी ठकीबाई लाकडांना गेली होती. चैती आत आली, मला फळीवरून काढलं, पदराखाली घेतलं आणि जव्हारला निघाली.

जिवाने तिला ओळखलं नाही. मला ओळखलं. चैती ताडपत्रीच्या कडेला बसली आणि आपण कोण हे तिने सांगितलं. मग सगळं सांगितलं, अर्जुनचंसुद्धा. तिचा आवाज चढला नाही. तो माणूस तुम्ही खरा पाहिला का, एवढंच तिने विचारलं.

जिवा समोरच्या वस्तू नीट लावत राहिला. लावलेल्या वस्तू पुन्हा लावल्या. मग त्याने मान हलवली. नाही.

मला वाटलं, आता ही उठेल, घरी जाईल आणि सगळ्यांना सांगेल. मला सुटल्यासारखं वाटलं. पण चैती उठली नाही.

"हा तिला सांगला तं ती जगायची नाय," ती म्हणाली. "मना खरा नको, दादा. तुम्ही गोष्ट चालू केली, तिचा शेवट पन तुम्हीच सांगा."

जिवाला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो घाबरला. बाजारात आपण वस्तू विकतो, कोणाच्या घरात जाऊन आपण कधी खोटं बोललो नाही, असं तो म्हणाला.

"तुमचा खोटा दिवाळीपासून माझ्याच घरात राहतोय," चैती म्हणाली.

जिवाने मला उचलून तिच्या हातात दिलं आणि होळीच्या आधी येतो म्हणाला.

होळीच्या आधी तो साखरशेतला आला. पोती न घेता आलेला जिवा मी पहिल्यांदाच पाहिला. ठकीबाईने त्याला खाटेवर बसवलं आणि माझ्यातला चहा दिला. त्याने तो दोन्ही हातांत धरला, प्यायला नाही. पाड्यातली माणसं भोवती बसली. जिवाने सांगितलं की माघ्या पुन्हा भेटला. त्याने तिकडेच संसार केला आहे, दुसरी बायको आहे, दोन पोरी आहेत. इकडे यायचं तोंड त्याला नाही. चैतीला सांग म्हणाला, माझी वाट बघू नको, तुझ्या मनाला येईल ते घर कर.

चैतीने मान खाली घातली होती. मला ठकीबाईची भीती वाटत होती. ती शिव्या देईल, मला अंगणात आपटेल, आणि आपटलं तर बरंच होईल, असं मला वाटत होतं.

ठकीबाईने माझं झाकण फिरवून लावलं. मग तिने विचारलं, "पोरी कोनासारख्या हायत?"

जिवाने हे ठरवलेलं नव्हतं. त्याने वर पाहिलं, तिच्या तोंडाकडे. ती सवय त्याची सुटली नव्हती.

"थोरली तुमच्यासारखी, बाय."

ठकीबाई हसली. मी तिला त्या आधी हसताना पाहिलं नव्हतं. जिवाने कप खाली ठेवला आणि पाणी मागितलं.

चैतीला ठकीबाईनेच पाठवलं. तिच्या केसांना तेल लावलं, नवं पातळ नेसवलं. माझ्या भावाने तुझं वाईट केलं, म्हणून ती चैतीपुढे रडली. चैती काय बोलणार? निघायच्या आधी ती एकटी आत आली. तिने माझ्यावरची धूळ पदराने पुसली, जरा वेळ हात तसाच ठेवला आणि गेली. त्या घरात खरं माहीत असलेलं एकच माणूस होतं. तिच्यामागे मी एकटा उरलो. अर्जुनच्या घरी ती सुखात आहे असं ऐकतो. तिला आता मुलगा झाला आहे.

मला वाटलं होतं, गोष्ट तिथे संपली. पण जिवाने ते एक वाक्य जास्त बोलून ठेवलं होतं. ठकीबाईने दोन्ही पोरींना नावं दिली. थोरली रुपी, धाकटी हौशी. जत्रेतून फुलांचं कापड आणलं आणि हाताने दोन झबली शिवली. पोरी केवढ्या असतील याचा अंदाज नव्हता, म्हणून जरा मोठीच शिवली. नाचणीचं पीठ बांधलं आणि सगळं जिवाच्या हातात दिलं, माघ्याला पोचव म्हणून. जिवाने गाठोडं घेतलं. त्याच्या ताडपत्रीवर कसलीही जुनी वस्तू विकली गेली असती, पण ते गाठोडं तिथे कधी मांडलं गेलं नाही, हे मला मागून बाजाराला गेलेल्या बायकांच्या बोलण्यावरून समजलं. त्या म्हणत होत्या, जिवाला काय झालंय कोण जाणे, आता वस्तू कोणाची विचारलं तर म्हणतो, जुनी हाय, पटली तर घ्या.

काही दिवसांनी तो परत आला. पोरींनी आत्याला बांगड्या पाठवल्या आहेत, असं म्हणाला. काचेच्या हिरव्या बांगड्या, कागदात गुंडाळलेल्या, कोऱ्या करकरीत. त्या कुठल्या भंगारातल्या नव्हत्या. त्या त्याने दुकानातून घेतल्या होत्या. नवरा गेल्यापासून ठकीबाईचे हात मोकळे होते. तिने बांगड्या घातल्या नाहीत. माझ्या गळ्यात अडकवून ठेवल्या.

एकदा तिने नाशिकला जायचं ठरवलं. जिवाला सांगितलं नाही. चांगलं पातळ नेसली, माझ्यात चहा भरला, मला पिशवीत घातलं आणि जव्हारच्या स्टँडवर येऊन बसली. गाडी लागली, माणसं चढली. कंडक्टरने दोनदा विचारलं, आजी, यायचं का? ती पिशवीवर हात ठेवून बसून राहिली. गाडी गेली. मग ती मला म्हणाली, म्हणजे स्वतःशीच म्हणाली, "मना पाहून त्याला लाज वाटंल. नको." आम्ही घरी आलो. वाटेत तिने चहा एकटीने प्यायला.

त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, मला बोलता येत नाही हे बरंच आहे.

आता मी म्हातारा झालो. माझ्या आतल्या काचेला बुडाशी केसासारखी चीर गेली आहे. दोन भिंतींमधल्या त्या रिकाम्या जागेत हवा शिरली. सकाळी भरलेला चहा सूर्य डोक्यावर यायच्या आत कोमट होतो. ठकीबाईच्या जिभेला आता तेवढं कळत नाही. पाड्यातल्यांना कळतं, पण कोणी बोलत नाही. गेल्या हिवाळ्यात म्हातारा काळ्या नातवाकडे नाशिकला गेला होता. तिथल्या बिल्डिंगच्या वॉचमनांना तो विचारत फिरला, जव्हारकडचा लंगडा माघ्या कुठे भेटेल म्हणून. कोणालाच माहीत नव्हतं. परत आल्यावर त्याने ठकीबाईला सांगितलं, शहर लई मोठा हाय, बाय. आणि तिने दिलेला चहा प्यायला.

तुम्ही कधी आमच्याकडे आलात, तर ती तुम्हालाही बसवेल. माझ्या गळ्यातल्या बांगड्या बाजूला करून माझ्यातून चहा ओतेल आणि भावाचं सांगेल, रुपी-हौशीचं सांगेल. ऐका. तिला ऐकणारं कोणी लागतं, मी एकटा पुरत नाही. तो नाशिकला नेमका कुठे राहतो, एवढं मात्र विचारू नका. चहाचा घोट घेतलात की ती तुमच्या तोंडाकडे पाहील आणि विचारेल, गरम हाय ना?

हो म्हणा.